ऑनलाइन दुकान: सरसकट सूट, एकावर एक की कॉम्बो?

अमळनेर_घरगुती:
राम राम मंडळी. घरगुती खानदेशी माल स्वतःच्या वेबसाइटवर विकते. गिऱ्हाईक बहुतेक पुण्या-सुरतेकडचं, आपलंच. काळा मसाला 250 ग्रॅम 180 रुपये, उडीद पापड 500 ग्रॅम 190, बिबडी (ज्वारीचे पापड) 400 ग्रॅम 150, केळी वेफर्स 200 ग्रॅम 90. माल आणि पॅकिंगचा खर्च वजा जाता सगळ्यांवर साधारण 40 टक्के उरतात. कुरिअर पहिल्या 500 ग्रॅमला 60, पुढच्या प्रत्येक 500 ग्रॅमला 35. सध्या ते गिऱ्हाईक भरतं. बहुतेक ऑर्डरी एकट्या मसाल्याच्या. श्रावणातल्या कानबाईच्या सणापासून दिवाळीपर्यंत ऑफर लावायची आहे. 20 टक्के सूट, एकावर एक फुकट, की कॉम्बो?

हिशेबवही:
ताई, टक्क्यांत विचार करू नका. ऑर्डरमागे हातात किती रुपये उरतात तेवढं बघा. मसाल्याच्या पाकिटावर तुम्हाला 72 सुटतात. 20 टक्के सूट म्हणजे 36 गेले, 36 राहिले. आजच्याइतकाच नफा हवा तर दुप्पट पाकिटं खपली पाहिजेत. 10 टक्के दिली तरी विक्री 33 टक्क्यांनी वाढावी लागते. एकावर एक तर विसराच. दोन पाकिटांचा खर्च 216, हातात 180, प्रत्येक ऑर्डरला 36 खिशातून.

तुमची दुखरी जागा एकट्या पाकिटाची ऑर्डर आहे, म्हणून ऑफर तिथेच लावा. दोन मसाले आणि एक पापड असा कॉम्बो करा, पण पापडाचं पाकीट 400 ग्रॅमचं काढा, 155 रुपयांना. कारण सांगतो. 250 + 250 + 500 म्हणजे बरोबर एक किलो. त्यावर खोक्याचे 90 ग्रॅम आले की दीड किलोचा दर लागतो, 130 रुपये. 400 च्या पाकिटाने खोक्यासकट 990 भरतं, म्हणजे 95.

आता हिशेब. वेगवेगळं घेतलं तर 515, कॉम्बो 489 ला द्या. 515 वर 206 सुटतात, 26 सूट गेली, राहिले 180. कुरिअरपोटी गिऱ्हाइकाकडून 49 घ्या, वरचे 46 तुम्ही भरा. उरले 134, म्हणजे 72 च्या जागी 134. कुरिअर पूर्ण फुकट केलंत तर 85 वर याल, आणि माल मात्र जवळपास चौपट वजनाचा बांधावा लागेल.

धुळे_पॅकिंग:
वरच्या हिशेबात बिबडी आणि वेफर्स नाहीत ते बरोबरच आहे. बहुतेक कुरिअरवाले लांबी × रुंदी × उंची सेंटीमीटरमध्ये धरून 5000 ने भागतात, आणि खरं वजन व हे वजन यात जे जास्त त्याचे पैसे लावतात. 25 × 25 × 12 चं खोकं कागदावर दीड किलोचं होतं, आत बिबडी 400 ग्रॅम का असेना. शिवाय मसाल्याचा वास वेफर्सना लागतो आणि वरच्या वजनाने बिबडीचा चुरा होतो. ही दोन्ही एकाच खोक्यात जास्त पाकिटं भरून विका, मसाल्यासोबत नको.

जळगाव_जीएसटी:
नोंदणी असेल तर हे बघा. पापडावर जीएसटी शून्य, मसाल्यावर 5 टक्के. दोन्ही मिळून एकच किंमत लावली की तो मिक्स्ड सप्लाय ठरतो, आणि जीएसटी कायद्याच्या कलम 8 प्रमाणे सगळ्यात जास्त दर पूर्ण रकमेला लागतो. पापडावरही 5 टक्के. म्हणून दोन्ही वस्तू सुट्याही विकायला ठेवा, बिलात वेगळ्या ओळी टाका, आणि सूट त्या त्या ओळीवर वाटून दाखवा. सीएला एकदा नमुना बिल दाखवून घ्या.

दुसरं, डार्क पॅटर्नच्या, म्हणजे वेबसाइटवर गिऱ्हाइकाला फसवून खरेदी करायला लावणाऱ्या युक्त्यांच्या, 2023 च्या मार्गदर्शक सूचना. ‘फक्त 2 तास बाकी’ असं खोटं घड्याळ लावायचं नाही, आणि गिऱ्हाइकाला न विचारता कार्टमध्ये पैशाची वस्तू टाकायची नाही. वेबसाइटला जोडायची बरीच तयार प्लगिन हे आपोआप करतात, सेटिंग उघडून बंद करा.

हिशेबवही:
दोन गोष्टी राहिल्या. कॉम्बोवर कूपन चालणार नाही असं सेट करा, नाहीतर कॉम्बोची आणि कूपनची अशा दोन्ही सवलती एकदम लागतात. आणि कॉम्बोला स्वतंत्र स्टॉक देऊ नका. एक कॉम्बो विकला की मसाल्याचे 2 आणि पापडाचं 1 कमी झालं पाहिजे. तसं जोडलं नाही तर पापड संपल्यावरही ऑर्डरी येत राहतील, तेही ऐन सणात.

अमळनेर_घरगुती:
फार उपयोगी. कॉम्बोत भेट म्हणून शेवभाजी मसाल्याचं 25 ग्रॅमचं पाऊच टाकू का?

धुळे_पॅकिंग:
कॉम्बोत नको ताई. 990 चे 1,015 होतील आणि प्रत्येक खोक्याला 35 रुपये वाढतील. एकट्या मसाल्याच्या ऑर्डरमध्ये टाका, तिथे 500 पर्यंत भरपूर जागा आहे, आणि सोबत कॉम्बोची चिठ्ठीही ठेवा.