मदत हवी आहे: काकांच्या ४×५ इंची रंगीत स्लाइड्सना बुरशी, आधी पुसू की आधी स्कॅन करू?

तेरणाकाठ

नमस्कार मंडळी,

लातूरला आमच्या काकांचा फोटो स्टुडिओ होता. पासपोर्ट, लग्नं, शाळेचे ग्रुप फोटो, पोटापाण्याचं सगळं तेच. पण १९८० च्या आसपास त्यांनी मुंबईहून एक जुना भात्याचा कॅमेरा आणला, डोक्यावर काळं कापड घेऊन बघायचा असतो तो, आणि कॅलेंडरवाल्यांसाठी मोठ्या रंगीत ट्रान्स्परन्सी काढायला लागले. किती विकल्या गेल्या कुणास ठाऊक. काकू अजून म्हणते, "त्या फिल्मच्या पैशात दारात म्हैस आली असती."

काका गेल्यावर माळ्यावरची ट्रंक माझ्याकडे आली. आत बटर पेपरच्या पाकिटांत साठेक शीट्स, कोडॅकचे पिवळे डबे आणि काकूने टाकलेल्या मूठभर डांबरगोळ्या. मी लहानपणी प्रोजेक्टरवर स्लाइड पाहिल्या होत्या, पण त्या नखाएवढ्या. ही तळहाताएवढी फिल्म खिडकीच्या काचेला लावली आणि दहा मिनिटं हललोच नाही. औशाचा किल्ला, खरोशाची लेणी, नळदुर्गचा धबधबा भर पावसात. काळ्या दगडावरचं ओलं शेवाळ किती हिरवं असतं ते मला नळदुर्गला जाऊन कधी दिसलं नव्हतं.

मुद्द्याचं म्हणजे, त्यात एक शीट आमच्या गावच्या गल्लीची आहे. गाव किल्लारीच्या पट्ट्यातलं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ती गल्ली गेली. नंतर गाव दुसरीकडे वसलं, पत्र्याचं आणि सिमेंटचं. जुन्या गावाचा रंगीत फोटो आमच्या भावकीत कुणाकडेच नाही. घड्याळजीचं भिंग लावून पाहिलं तर माळवदावर वाळत घातलेल्या मिरच्या वेगवेगळ्या दिसतात. एका बाईच्या लुगड्याचा काठ दिसतो. चौकटीवरचं कोरीव काम, कोनाड्यातला काजळीचा डाग, सगळं.

आणि नेमकी त्याच शीटच्या वरच्या कोपऱ्यात बुरशीची जाळी धरली आहे.

एका लॅबवाल्याकडे नेली. त्याच्या स्कॅनरमध्ये अर्धीच शीट मावली. त्याने दोन तुकडे जोडले, वर काहीतरी एआय लावून "एकदम क्लिअर" करून दिलं. मिरच्या नारिंगी झाल्या, बाईला चेहरा फुटला जो मूळ फोटोत नाहीच. पैसे दिले आणि घरी आलो.

तर सांगा: बुरशी आधी पुसू का? स्कॅन कशाने करू? शीटच्या एका कडेला खाचा आहेत, त्या उंदराने कुरतडल्यात की मुळातल्याच? एक शीट सगळी निळी पडली आहे आणि दोन-चार लालसर, त्यांचं काही होईल का? आणि खरी अडचण ही की खिडकीशी धरल्यावर जे दिसतं ते कागदावर उतरतं का? आजीला दाखवायचंय. तिचं वय नव्वदीला टेकलंय.

लालदिवा

आधी स्कॅन, मग पुसणं. उलटं करू नका. निगेटिव्हवर काढलेल्या फोटोची दुसरी प्रिंट निघते, इथे तुमच्या हातात आहे तीच फिल्म कॅमेऱ्यात होती. गेली तर गेली.

पाणी अजिबात लावू नका, ओलं फडकंसुद्धा नको. रंगाचे थर जिलेटिनमध्ये असतात आणि बुरशी तेच खाते. तिने पोखरलेलं जिलेटिन पाण्यात विरघळतं, म्हणजे बुरशीबरोबर फोटोही निघून येतो. सॅनिटायझर नको, मेडिकलमधलं ७० टक्क्यांचं स्पिरिटही नको, त्यात पाणीच आहे. ९९ टक्के आयसोप्रोपिल मिळतं, ते कापसावर घेऊन फक्त चकचकीत बाजूने, आधी एखाद्या फुकट गेलेल्या शीटवर हात बसवून. मंद बाजूला बुरशी असेल तर माझं मत: सोडून द्या. स्कॅनमध्ये डाग काढता येतो.

डांबरगोळ्या आजच काढा. आणि नाकाला लावून बघा, शिरक्यासारखा वास येतो का. येत असेल तर फिल्मचा अ‍ॅसिटेट पाया सुटायला लागलाय, त्या शीट्स बाकीच्यांपासून वेगळ्या ठेवा.

तेरणाकाठ

डांबरगोळ्यांच्या वासात बाकी कसला वास कळणार! दोन दिवस उघडं ठेवून बघतो.

भिंगवाला

खाचा उंदराच्या नाहीत. अंधारात हाताने चाचपून फिल्म कोणती आणि मसाल्याची, म्हणजे रंगाच्या थरांची मंद बाजू कुठली ते कळावं म्हणून कंपनीनेच त्या पाडलेल्या असतात. प्रत्येक प्रकाराचा नमुना वेगळा. निळ्या शीटच्या खाचा बाकीच्यांशी ताडून बघा. वेगळ्या असतील तर ती फिल्म बल्बच्या उजेडासाठीची होती आणि काकांनी केशरी फिल्टर न लावता उन्हात वापरली. चूक काकांची, फिल्म ठणठणीत. निळेपणा स्कॅननंतर बराच निघतो.

लालसर म्हणजे कोडॅकची जुनी स्लाइड फिल्म, एक्टाक्रोम असावी. एक्टाक्रोम १९४६ पासूनची, पण तिची ई-६ ही प्रक्रिया १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात आली. त्याआधीच्या शीट्समध्ये निळा-हिरवा रंग लवकर उडतो आणि लाल उरतो. डब्यावर काय लिहिलंय?

तेरणाकाठ

गल्लीच्या शीटच्या डब्यावर ई-६, आणि १९८६ च्या आत धुवा असा शिक्का. लालसर शीट्सचा डबाच नाही, बहुतेक कुणाकडून तरी जुनी फिल्म स्वस्तात घेतली असणार. काका असे सौदे करायचे.

पैठणगेट

थोडं अवांतर. मोठ्या फिल्मचे रंग किती टिकू शकतात ते बघायचं असेल तर अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या साइटवर दुसऱ्या महायुद्धाच्या काळातले सरकारी रंगीत फोटो बघा. अल्फ्रेड पामरने विमानांच्या कारखान्यातल्या बायका ४×५ कोडॅक्रोमवर, कोडॅकच्याच दुसऱ्या स्लाइड फिल्मवर, टिपल्या आहेत. ऐंशी वर्षं झाली, डोक्याला बांधलेला लाल रुमाल अजून लालच. कोडॅक्रोममध्ये रंग तयार करणारी रसायनं फिल्ममध्ये नसायची, धुताना घातली जायची, त्यामुळे मागे कुजायला काही उरत नाही. गंमत अशी की प्रोजेक्टरच्या दिव्यासमोर मात्र तीच लवकर विटते. तुमच्या काकांकडे ती असणं शक्य नाही, कोडॅक्रोमच्या शीट्स १९५० च्या दशकाच्या सुरुवातीलाच बंद झाल्या.

आपल्याकडचं म्हणाल तर निजामाच्या पुरातत्त्व खात्याचे गुलाम याझदानी यांनी अजिंठ्याच्या चित्रांचे जे चार खंड काढले (१९३० ते १९५५), ते रंगीत फोटोग्राफीवरच बेतलेले होते. त्या अंधारात कसं केलं असेल याचा विचार करून मी दर वेळी थक्क होतो.

भिंगवाला

स्कॅनबद्दल. साध्या फोटो स्कॅनरच्या झाकणातला दिवा अरुंद पट्टीएवढाच असतो, म्हणून अर्धी शीट आली. एप्सन व्ही८५० मध्ये पूर्ण मावते. २४०० डीपीआयला (इंचाला २४०० ठिपके) साधारण ११ कोटी पिक्सेल होतात, पुरे.

नाहीतर कॅमेऱ्याने करा. सीआरआय (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९५ च्या वर असलेलं एलईडी पॅनल, मॅक्रो लेन्स, खोलीत अंधार, फिल्मभोवती काळ्या कागदाची चौकट. फिल्मच्या जागी छोटा आरसा ठेवा आणि लेन्सला स्वतःचं प्रतिबिंब बरोबर मधोमध दिसेपर्यंत ट्रायपॉड हलवा, म्हणजे कॅमेरा समांतर झाला. सहा तुकड्यांत काढून जोडा. व्हाइट बॅलन्स नुसत्या पॅनलवर ठरवा आणि मग कितीही मोह झाला तरी रंगाला हात लावू नका.

कागदावर मात्र खिडकीतलं उतरणार नाही. स्लाइडमधून उजेड आरपार येतो, कागद फक्त परतवतो. उजेड-अंधाराचा एवढा पल्ला कागदात मावतच नाही. आजीला पॅनलवर मूळ शीटच दाखवा. पंधरा मिनिटांत काही बिघडत नाही.

तेरणाकाठ

उशिरा लिहितोय, माफ करा. पुण्याच्या मित्राचं पॅनल आणि लेन्स आणली. सहा तुकडे जोडले, बुरशी तशीच ठेवली. निळ्या शीटच्या खाचा खरंच वेगळ्या निघाल्या. वासाचं म्हणाल तर एकाच शीटला शिरका, ती वेगळी काढली.

रविवारी आजीसमोर पॅनल ठेवलं. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, हातात भिंग दिलं. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "आरं, हे उलटं हाय. लिंब आपल्या दाराच्या उजव्या अंगाला व्हता."

मी म्हटलं, आजी, फोटो आहे, फोटो कसा उलटा असेल. ती ऐकेना. फोटोत पाटी नाही, अक्षर नाही, मी ताडून बघणार कशाशी? @भिंगवाला, शीट उभी धरली की खाचा वरच्या कडेला उजव्या कोपऱ्यात येतात, मी तशीच ठेवली होती. हे बरोबर का?

भिंगवाला

आजी बरोबर, तुम्ही चूक. खाचा वर उजवीकडे म्हणजे मसाल्याची बाजू तुमच्याकडे. त्या बाजूने चित्र आरशातल्यासारखं दिसतं. पालथी करा. स्कॅनही तसाच केला असेल तर तो कॉम्प्युटरवर डावं-उजवं उलटवून (फ्लिप) घ्या, पुन्हा काढायची गरज नाही.

तेरणाकाठ

पालथी केली. आता आजी पॅनल द्यायला तयार नाही. मिरच्या कुणाच्या माळवदावरच्या ते सांगतेय, घरागणिक. मित्राला बुधवारी परत करायचंय, तेव्हा लातूर-सोलापूर भागात असं पॅनल कुठे मिळतं ते कुणी सांगेल का?