हाफ-ऑर्क बार्बेरियन: गुण कसे वाटू, आणि कुऱ्हाड की तलवार?

नवा_फासा:
डन्जन्स अँड ड्रॅगन्स (फासे टाकून पात्रं खेळवायचा खेळ), पाचवी आवृत्ती, २०१४चं पुस्तक. पहिल्या लेव्हलचा बार्बेरियन (बेभान लढणारा योद्धा, हा क्लास), वंश हाफ-ऑर्क. गुण घ्यायच्या २७ पॉइंटांत स्ट्रेंग्थ (ताकद) १५, डेक्स्टेरिटी (चपळाई) १४, कॉन्स्टिट्यूशन (कणखरपणा) १५, विज्डम (सावधपणा) १०, उरलेले दोन (इंटेलिजन्स, कॅरिस्मा) ८. वंशाचे +२ आणि +१ धरून स्ट्रेंग्थ १७, कॉन १६. हाफ-ऑर्कचं सॅव्हेज अटॅक्स (क्रिटला, म्हणजे वाराच्या फाशावर २० पडल्यावर, जादा डॅमेज) आहे म्हणजे ग्रेटअ‍ॅक्सच (मोठी कुऱ्हाड) घ्यायची ना?

गणित_कच्चं:
आधी ती १७ बघा. मॉडिफायर (फाशात मिळवायचा आकडा) +३, आणि १६लाही +३च. स्ट्रेंग्थ १४वर आणा (वंशाचे +२ धरून १६), वाचलेल्या २ पॉइंटांत विज्डम १२ होते. परसेप्शन (आसपासचं हेरणं) आणि विज्डम सेव्ह (जादूसारखा हल्ला टाळायचा फासा) दोन्ही सुधारतात. चौथ्या लेव्हलला सरळ +२ घेतले की १८. तेव्हा स्लॅशरसारखं स्ट्रेंग्थला +१ देणारं फीट (पात्राची जादा खुबी) घ्यायचं नक्की असेल, तरच १७ ठेवा. एचपी (किती मार सोसता येतो) १५ आणि चिलखताविना एसी (वार लागायला शत्रूला गाठावा लागणारा आकडा) १५, दोन्हीकडे सारखेच.

क्रिटवाला:
कुऱ्हाडीबद्दल थोडं थांबा. सॅव्हेज अटॅक्समुळे क्रिटला शस्त्राचा *एकच* फासा जास्त मिळतो. म्हणजे कुऱ्हाडीला ३डी१२ (बारा बाजूंचे तीन फासे), सरासरी १९.५, ग्रेटस्वोर्डला (मोठी तलवार) ५डी६, सरासरी १७.५. पण क्रिट वीसात एकदा. एरवीच्या प्रत्येक फटक्याला तलवार ७ देते, कुऱ्हाड ६.५. साठ टक्के वार लागतात असं धरलं, तर दर वारामागे तलवार साधारण ४.७, कुऱ्हाड ४.५५ (स्ट्रेंग्थचे आकडे दोन्हीकडे सारखे, म्हणून सोडले). दुसऱ्या लेव्हलपासून रेकलेस अटॅक (वाराचे दोन फासे टाकून मोठा धरणं) वापरूनही तलवारच पुढे. नवव्याला ब्रूटल क्रिटिकल (क्रिटला आणखी एक फासा) आलं आणि रेकलेस मारत राहिलात, तर कुऱ्हाड जेमतेम पुढे जाते. अर्थात एकदम तीन डी१२ टाकायची मजा कुठल्या सरासरीत येत नाही!

कोपऱ्यातला_डीएम:
हाफ-ऑर्कचं रिलेंटलेस एन्ड्युरन्स लोक हमखास चुकवतात. शून्यावर येताच १ एचपी, लाँग रेस्टमागे (मोठी विश्रांती) एकदा. बेशुद्ध पडत नाही, त्यामुळे रेजही (बार्बेरियनची बेभान अवस्था) चालू राहतो. हाच खरा फायदा. मात्र जागीच ठार झालात तर चालत नाही: कमाल १५, उरलेत ५ आणि डॅमेज २०, तर वरचे १५ कमाल एचपीइतके, खेळ खलास. रेजचं निम्मं डॅमेज आधी लावा, मग मोजा.

इन्टिमिडेशन (धमकावायचं स्किल) वंशातच आहे, क्लासमधून पुन्हा घेऊ नका. सोल्जर बॅकग्राउंड (पात्राचा पूर्वेतिहास) घेतलंत तर तिथलं इन्टिमिडेशन दुबार होतं. त्याबदली कुठलंही स्किल निवडता येतं. कॅरिस्मा ८ म्हणजे धमकीला फक्त +१. डीएमने (खेळ चालवणारा) स्ट्रेंग्थवर करू दिलं तर +५. पुस्तकात तशी मुभा आहे, आधीच विचारून ठेवा.

अवांतर: टेबलावर २०२४चं पुस्तक असेल तर त्यात हाफ-ऑर्क नाही, ऑर्क आहे. सॅव्हेज अटॅक्स गेलं, डार्कव्हिजन (अंधारात दिसणं) १२० फूट झालं. त्याचा अ‍ॅड्रेनलिन रश बोनस अ‍ॅक्शन (पाळीतली एकमेव जादा कृती) खातो आणि रेजलाही तीच लागते, त्यामुळे पहिल्या फेरीत दोन्ही जमत नाहीत.