औषधभारित मच्छरदाणीमुळे लहान मुलांचा हिवताप कितपत टळतो?

प्रश्न (किनवट तालुका, जि. नांदेड)

आमचे गाव जंगलाला लागून असल्यामुळे पावसाळा सरत आला की थंडीतापाची भीती असते. घरात दोन वर्षांची मुलगी आणि पाच महिन्यांचा मुलगा आहे. आम्हाला औषधभारित (जाळीतच डास मारणारे औषध असलेली) मच्छरदाणी मिळाली आहे. परंतु शेजारच्या काकू म्हणतात की साधी मच्छरदाणीही तेवढेच काम करते, उलट औषधाचा वास तान्ह्या बाळाला बाधतो. लहान मुलांना या मच्छरदाणीचा नेमका किती फायदा होतो आणि ती बाळासाठी सुरक्षित आहे का, हे कृपया जाणकारांनी सांगावे.

उत्तर १ (बालरोगतज्ज्ञ, छत्रपती संभाजीनगर)

फायदा निश्चित होतो, आणि तो मोजलेला आहे. केनिया, घाना, गांबिया, बुर्किना फासो अशा देशांत प्रामुख्याने १९९०च्या दशकात मोठ्या चाचण्या झाल्या. त्यांचा एकत्रित आढावा ‘कॉक्रेन’ या वैद्यकीय संशोधन पडताळणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने घेतला असून २०१८ साली तो अद्ययावत केला. मच्छरदाणी नसलेल्या मुलांच्या तुलनेत औषधभारित मच्छरदाणीखाली झोपणाऱ्या मुलांचे एकूण मृत्यू सुमारे १७ टक्क्यांनी कमी झाले, तर फाल्सिपॅरम या हिवतापाच्या अधिक घातक प्रकाराचे साधे आजारपण आणि गंभीर आजारपण ही दोन्ही जवळपास निम्म्यावर आली. सतरा हा आकडा वरवर लहान वाटतो, पण त्यात जुलाब, न्यूमोनिया यांसह सर्व कारणांनी होणारे मृत्यू धरलेले आहेत. एका मच्छरदाणीने एकूण बालमृत्यूंत एवढा फरक पडावा, ही माझ्या मते फार मोठी गोष्ट आहे.

मात्र हे आकडे जसेच्या तसे किनवटला लावू नयेत. त्या आफ्रिकी देशांतील मुख्य डास माणसाला घरात, रात्री उशिरा चावणारा आहे. आपल्या ग्रामीण भागातील प्रमुख वाहक ॲनोफिलिस क्युलिसिफेसीस हा डास मुख्यतः गुराढोरांवर जगतो, गोठ्यात विसावतो आणि पुष्कळदा मध्यरात्रीच्या आधीच चावतो. मुले दहा वाजेपर्यंत अंगणात खेळत असतील, तर तेवढ्या वेळात मच्छरदाणी काय करणार? शिवाय आपल्याकडे व्हायवॅक्स हा हिवतापाचा दुसरा प्रकारही आहे. त्याचे जंतू यकृतात दडून राहतात आणि काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी पुन्हा ताप आणतात. असा उलटलेला ताप मच्छरदाणी रोखू शकत नाही. त्यासाठी डॉक्टरांनी ठरवून दिलेला औषधांचा पूर्ण क्रमच घ्यावा लागतो.

वासाबद्दल सांगायचे तर या जाळीतील पायरेथ्रॉइड या डासनाशक औषधाचे प्रमाण अत्यल्प असते आणि तान्ह्या बाळांनीही तिच्याखाली झोपावे, असाच सल्ला दिला जातो. नवी मच्छरदाणी पाकिटातून काढून एक दिवस सावलीत मोकळी टांगून ठेवावी, मगच वापरावी.

उत्तर २ (निवृत्त आरोग्यसेवक, परभणी)

डॉक्टरसाहेबांनी सांगितले ते बरोबरच आहे. साध्या मच्छरदाणीबद्दल थोडे सांगतो. झोपेत लेकराचा हात किंवा गुडघा जाळीला टेकतो, तेव्हा साध्या जाळीतून डास बाहेरूनच सोंड घालून चावतो. औषधभारित जाळीवर बसलेला डास बहुधा मरतो किंवा दूर पळतो, म्हणून एखादे लहान छिद्र पडले तरी तिचा काही उपयोग राहतो. डास मरतात म्हणून गावात बहुतेकांनी ती वापरली, तर न वापरणाऱ्या शेजाऱ्यालाही थोडे संरक्षण मिळते. केनियातील अभ्यासात हे दिसून आले आहे.

खरा घोटाळा धुण्यात होतो. आमच्या बायाबापड्या कपड्यांबरोबर तीही सोड्यात भिजवतात, दगडावर आपटतात आणि कडक उन्हात वाळवतात; मग औषध राहील कसे? थंड पाण्यात साध्या साबणाने हलक्या हाताने धुवावी, सावलीत वाळवावी, आणि ते पाणी नदीत किंवा तळ्यात जाऊ देऊ नये, कारण हे औषध माशांना घातक आहे. औषध दीर्घकाळ टिकून राहणारी मच्छरदाणी साधारण वीस धुण्यांपर्यंत किंवा तीन वर्षांपर्यंत काम देते, असे धरतात.

उत्तर ३ (शेतकरी, हिंगोली)

आमच्याकडे मच्छरदाणी लावूनही पोराला डेंग्यू झाला. मग उपयोग काय, असे वाटते.

उत्तर २ लिहिणारे

दादा, डेंग्यूचा डास वेगळा असतो आणि तो दिवसा चावतो. पोर दुपारी झोपते तेव्हाही मच्छरदाणी लावा आणि पाण्याचे हौद-रांजण आठवड्यातून एकदा कोरडे करून घासा.

प्रश्नकर्ता

मनःपूर्वक आभार. आम्ही उन्हाळ्यात माळवदावर झोपतो, तेथे चौकोनी मच्छरदाणी टांगायला काहीच नाही. काय करावे?

उत्तर २ लिहिणारे

बाजेच्या चारही पायांना काठ्या उभ्या बांधा, वरच्या टोकांना सुतळी ताणून मच्छरदाणी अडकवा आणि कडा गोधडीखाली खोचा. मुलांना अंधार पडल्यावर लगेच आत घ्या. एवढे करूनही ताप आलाच, तर त्याच दिवशी आशाताईंकडून रक्ताची तपासणी करून घ्या. पाच वर्षांखालील लेकराच्या तापात दोन दिवस वाट पाहणे परवडत नाही.