नोकरी सांभाळून खेळणाऱ्या संघाचा इतिहास कसा लिहावा?

भुसावळकर:
नमस्कार मंडळी. आमच्या रेल्वे कॉलनीत लोको शेडमधली पाळी संपवून थेट मैदानावर येणारे खेळाडू मी लहानपणापासून पाहत आलो आहे, आणि त्यांच्या फुटबॉल संघाचा इतिहास लिहावा असे फार मनात आहे. नमुना म्हणून इंग्लंडच्या डरहॅम भागातील वेस्ट ऑकलंड या खाणगावाच्या क्लबविषयी वाचतो आहे. कोळसा खाणीत राबणाऱ्यांच्या या संघाने १९०९ साली इटलीतील तुरिनला जाऊन सर थॉमस लिप्टन चषक जिंकला आणि १९११ साली अंतिम सामन्यात तुरिनच्याच युव्हेंटस क्लबला ६-१ असे हरवून तो राखला. एवढा पराक्रम करूनही हा क्लब लहानच का राहिला असावा?

अमळनेरकर:
दादा, मला याचे उत्तर जमाखर्चाच्या वहीत दिसते. इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने (एफए) १८८५ साली पैसे घेऊन खेळण्यास मान्यता दिल्यावर शहरांतले क्लब तिकिटांच्या उत्पन्नावर पगारी खेळाडू ठेवू लागले, पण खाणगावाला तेवढा प्रेक्षक कुठून मिळणार? तुरिनच्या दुसऱ्या वारीने क्लब कर्जात गेला आणि पेरणीच्या तोंडावर घरातले दागिने सोनाराकडे जावेत तसा तो चषक गावातल्या हॉटेलच्या मालकिणीकडे ४० पौंडांना गहाण पडला. सोडवायला १९६० साल उजाडले आणि १०० पौंड मोजावे लागले. पुढे १९९४ मध्ये तो चोरीस गेला. आज क्लबकडे आहे ती प्रतिकृती.

धुळेकर:
‘लहानच राहिला’ हे मला पटत नाही. १९६१ साली हा क्लब हौशी चषकाच्या अंतिम सामन्यात पोहोचला, आणि २०१२ व २०१४ मध्ये एफए व्हाझ या लहान क्लबांच्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यासाठी लंडनच्या वेम्बली मैदानावर उतरला. तिन्ही वेळा हरला, पण शंभर वर्षे टिकून तिथवर जाणे हाच मोठा इतिहास आहे. हौशी आणि व्यावसायिक हा भेद तिथे १९७४ साली अधिकृतपणे संपला. तोवर हौशी म्हणवणाऱ्या खेळाडूंच्या बुटांत गुपचूप पैसे ठेवले जात, हेही सांगायला हवे. तुरिनच्या स्पर्धेचे निमंत्रण खरे म्हणजे लंडनच्या वूलविच आर्सेनल या क्लबला जायचे होते आणि ‘डब्ल्यू. ए.’ या आद्याक्षरांमुळे ते चुकून वेस्ट ऑकलंडला आले, ही कथा मात्र पुराव्याविना उतरवू नका.

जळगावकर:
धुळेकरांची शेवटची सूचना भुसावळकरांनी अवश्य ध्यानात ठेवावी, कारण आपल्याकडेही जुन्या सामन्यांचे गोल दर सांगणाऱ्यागणिक वाढतात. आधी निवृत्त खेळाडूंना भेटा, त्यांच्या घरचे संघाचे फोटो पाहा आणि मागे लिहिलेली नावे व तारखा टिपून घ्या. मग सामन्यासाठी सुटी कोण देत असे, पाळी कोण बदलून घेई, बुटांचा आणि प्रवासाचा खर्च कोणाच्या खिशातून होई, हे विचारा. खेळाडूची बदली झाली की संघ कसा मोडे, हेही विचारा; रेल्वेच्या गावात ते सर्वांत महत्त्वाचे प्रकरण ठरेल.

भुसावळकर:
सर्वांचे मनःपूर्वक आभार. बदल्यांचा मुद्दा माझ्या ध्यानातच आला नव्हता. कॉलनीतल्या सर्वांत ज्येष्ठ गोलरक्षकांकडे या रविवारी वही घेऊन जातो.