मदत हवी आहे: पडद्यावर एकदा येणारी ओळ फाइलमध्ये आठ वेळा का? आणि सर्व्हर कसा वाचवू?

खाडीपलीकडची

नमस्कार. मी ठाण्यात राहते, नवी मुंबईतल्या एका इंजिनीअरिंग कॉलेजात शिकवते. यंदा चौथ्या सेमचं ऑपरेटिंग सिस्टिमचं प्रॅक्टिकल माझ्याकडे आलंय. आजवर आउटपुटची प्रिंट जर्नलमध्ये चिकटवली, ओरलला दोन व्याख्या सांगितल्या की सही मिळायची. मला ते नको आहे. मुलांनी स्वतःच्या हातांनी करून बघावं म्हणून पहिले चार आठवडे लिनक्सच्या पीएस, टॉप, ग्रेप या कमांड, पाइप आणि छोट्या बॅश स्क्रिप्ट करून घेतल्या. प्रॉक फोल्डरमध्ये शिरून आपल्याच प्रोसेसची, म्हणजे चालू प्रोग्रॅमची, माहिती वाचताना त्यांचे चेहरे बघण्यासारखे होते.

लॅबमधल्या पीसींना ४ जीबी रॅम आहे, व्हर्च्युअल मशीन टाकलं की रांगतात. त्यामुळे एका बॅचची वीसही मुलं एकाच लिनक्स सर्व्हरवर लॉगिन करतात. परवा फोर्क, म्हणजे चालू प्रोसेसची प्रत काढून नवी प्रोसेस तयार करणं, घेतलं आणि दोन ठिकाणी अडकले.

पहिलं असं. प्रोग्रॅममध्ये आधी प्रिंटएफने ‘सुरुवात’ ही ओळ, शेवटी न्यूलाइन, मग लागोपाठ तीन फोर्क. पडद्यावर ओळ एकदाच आली. एका मुलीने जर्नलसाठी आउटपुट फाइलमध्ये घेतलं, तर तिथे तीच ओळ आठ वेळा! “मॅडम, यातलं बरोबर कुठलं?” तीन फोर्कनंतर आठ प्रोसेस होतात हे मीच शिकवलं होतं, पण ही ओळ तर फोर्कच्या आधीची आहे. मला सांगता आलं नाही. पुढच्या वेळी सांगते असा शब्द दिलाय.

दुसरं असं. एका मुलाने लूपमध्ये २ च्या जागी २० टाइप केलं. वीस वेळा दुप्पट म्हणजे १०,४८,५७६ प्रोसेस. सर्व्हर गोठला, सगळ्यांचे पडदे अडकले, शेवटी बटण दाबून बंद करावा लागला. पोरगं घाबरून एका कोपऱ्यात उभं राहिलं. आता लॅबमधून सुचवलं जातंय की फोर्क फक्त प्रोजेक्टरवर दाखवा. मला ते मान्य नाही. काय करू?

टर्मिनलपाशी

तुमच्या विद्यार्थिनीला सांगा, दोन्ही बरोबर आहेत.

प्रिंटएफ थेट पडद्यावर लिहीत नाही. सी लायब्ररी ती ओळ आधी प्रोसेसच्याच मेमरीत, बफरमध्ये ठेवते. समोर टर्मिनल असेल तर न्यूलाइन आली की बफर रिकामा होतो. समोर फाइल किंवा पाइप असेल तर बफर भरेपर्यंत नाहीतर प्रोग्रॅम संपेपर्यंत ओळ तिथेच पडून राहते. फोर्क झाला की नव्या मूल-प्रोसेसला तिच्या आई-प्रोसेसच्या सगळ्या मेमरीची प्रत मिळते, त्यात ही अडकलेली ओळही आली. आठ प्रोसेस, आठ बफर, संपताना प्रत्येकाने आपापला रिकामा केला. उपाय एवढाच, की फोर्कच्या आधी एफफ्लश, म्हणजे बफर रिकामा करायचं फंक्शन.

पण माझी विनंती आहे, हे फळ्यावर लिहून देऊ नका. एसट्रेस (strace) नावाचं टूल प्रोग्रॅमने सिस्टिमला केलेली प्रत्येक मागणी दाखवतं; ते एफ हा पर्याय देऊन चालवायला लावा, म्हणजे मूल-प्रोसेसही दिसतील. एसट्रेस आपलं सगळं एररच्या वाटेने लिहितो, त्यामुळे आउटपुट फाइलमध्ये वळवलं तरी माग पडद्यावरच येतो. लिनक्सवर त्यात फोर्कऐवजी बहुतेक क्लोन दिसेल, ते आधी सांगून ठेवा. पडद्याच्या वेळी राइट, म्हणजे ओळ खरोखर बाहेर लिहिण्याची मागणी, पहिल्या क्लोनच्या आधी येतो. फाइलच्या वेळी प्रत्येक प्रोसेस आपले क्लोन आधी करते आणि संपताना राइट, असे आठ राइट. तो क्रम मुलांनी स्वतः शोधावा.

कोपरखैरणेकर

सर्व्हरचं मी सांगतो, रोजचं काम आहे. आधी एक प्रश्न: सगळी मुलं एकाच लॉगिनने येतात का?

खाडीपलीकडची

हो. सगळ्यांना एकच लॉगिन, एकच पासवर्ड.

कोपरखैरणेकर

मग आधी ते बदला. प्रोसेसची मर्यादा युजरवर मोजली जाते. लॉगिन एकच ठेवून मर्यादा घातलीत तर एकाने ती संपवली की बाकीच्या एकोणीस जणांना एलएसही चालवता येणार नाही. प्रत्येकाला वेगळं लॉगिन द्या, मग लिमिट्सच्या फाइलमध्ये एनप्रॉक, म्हणजे एका युजरच्या प्रोसेसची कमाल संख्या, १०० करा. जीसीसी कंपायलर आणि शेलला तेवढं पुरतं. सर्व्हरवर सिस्टिमडी (लिनक्स सुरू करून सेवा सांभाळणारा प्रोग्रॅम) असेल तर युजर स्लाइसला, म्हणजे त्या युजरच्या सगळ्या प्रोसेसच्या गटाला, टास्क्समॅक्स ही मर्यादा लावणं अधिक पक्कं.

मर्यादा गाठली की फोर्क उणे १ परत करतो. हे तपासायला मुलांना पहिल्या दिवसापासून शिकवा. न तपासता तोच आकडा प्रोसेस मारणाऱ्या किलला दिला, तर उणे १ चा अर्थ होतो ‘मला मारता येतील त्या सगळ्या प्रोसेस’. पोराचं लॉगिनच उडतं आणि का उडालं ते त्याला कळत नाही.

पुन्हा सर्व्हर गोठलाच तर रूटमधून (अ‍ॅडमिनच्या लॉगिनमधून) त्या युजरच्या सगळ्या प्रोसेसना आधी स्टॉप सिग्नल द्या, मग किल. थेट मारत बसलात तर एक मेली की तिच्या जागी दुसरी जन्मते.

डोंगराखालची

घरी सरावासाठी मुंबई आयआयटीच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्सचे धडे मराठीतही आहेत. डिप्लोमाहून थेट दुसऱ्या वर्षाला आलेल्या माझ्या भाचीला खूप उपयोग झाला.

खाडीपलीकडची

सर्वांचे मनापासून आभार. सगळ्या बॅचची मिळून साठ लॉगिन तयार झाली, एनप्रॉक १०० केलं. काल त्याच मुलाला जवळ बसवलं आणि पुन्हा २० टाकायला सांगितलं. टाइप करताना त्याचा हात थांबला होता. एंटर मारल्यावर त्याच्या पडद्यावर ‘रिसोर्स टेम्पररिली अनअव्हेलेबल’च्या ओळींची रांग लागली, आणि शेजारचा मुलगा शांतपणे आपला प्रोग्रॅम कंपाइल करत होता. घाबरलेलं पोरगं मागे वळून म्हणालं, “मॅडम, आता ३० टाकून बघू?”

त्या मुलीने एसट्रेसमधले आठ राइट पेन्सिलने मोजले. आता पुढच्या आठवड्यात झॉम्बी प्रोसेस, म्हणजे संपलेली पण आई-प्रोसेसने अजून दखल न घेतलेली, घ्यायची आहे. पीएसमध्ये झॉम्बीची खूण झेड दिसेपर्यंत आई-प्रोसेसला स्लीपमध्ये ठेवणं एवढंच मला सुचतंय. तुम्ही कसं घ्याल?