ऑटोमॅटिक स्क्रीन प्रिंटिंग मशीनवर नवीन पोरं, काय काळजी घ्यावी?

प्रश्न: नमस्कार मंडळी, टी-शर्ट छपाईचं छोटं युनिट आहे, इतके दिवस हातानेच छापायचो, आता ८ कलरचं ऑटोमॅटिक घेतलंय. पोरं नवीन आहेत, मशीन फिरत असतानाच पॅलेटवरची (टी-शर्ट चढवतो त्या पाटीवरची) सुरकुती काढायला हात घालतात, माझा जीव नुसता वरखाली होतो. काय नियम लावू?

उत्तर: पहिला नियम हाच, की कापड वाकडं बसलं तर तो पीस जाऊ द्यायचा. एका टी-शर्टचं नुकसान परवडतं. लोडिंग आणि अनलोडिंग दोन्हीकडे लाल स्टॉप बटण हाताशी पाहिजे आणि रोज सकाळी ते दाबून बघायचं. सैल बाह्या, ओढणी, हातातलं कडं नको.

उत्तर: वरच्यांशी सहमत, पण खरा धोका साफसफाईच्या वेळी असतो. लाइट बंद केली म्हणजे मशीन मेलं असं नाही, पाइपात दाबाची हवा भरलेली असते आणि स्क्वीजी (शाई ओढणारी रबरी पट्टी) बदलताना ती धरणारं हेड अचानक खाली येऊ शकतं, माझ्या ओळखीतल्या एकाचं बोट असंच चेंगरलं. मेन स्विचला कुलूप लावायचं, चावी काम करणाऱ्याच्याच खिशात, मग हवेचा व्हॉल्व्ह बंद करून राहिलेली हवा सोडायची, गेज शून्यावर आल्याशिवाय हात घालायचा नाही.

उत्तर: गार्डचा (संरक्षक कठड्याचा) सेन्सर बायपास करून ठेवू नका प्लीज, प्रॉडक्शनच्या घाईत सगळे करतात. आणि मशीन थांबलं तर फ्लॅश युनिट (शाई सुकवणारा हीटर) आधी बाजूला घ्या, खालचं कापड पेटतं.

प्रश्नकर्ता: मनापासून आभार, कुलूप आजच आणतो.