मोठी एसयूव्ही की इनोव्हासारखी एमपीव्ही? लवकर सांगा

मांजराकाठ:
नमस्कार मंडळी. घरी गाडी घ्यायची आहे आणि घोळ मिटेना. स्कॉर्पिओ-एन की इनोव्हा? पोरं स्कॉर्पिओवर अडून बसलेत, बाकीचे इनोव्हा म्हणतात. गुरुवारी बुकिंगचे पैसे भरायचेत. फॅमिली मोठी आहे, रस्ते तुम्हाला माहीतच आहेत. एका वाक्यात सांगा, कोणती?

दुधना:
एका वाक्यात: माहिती अपुरी. माणसं किती? तिसऱ्या ओळीत कोण बसणार, आणि रोज की सणासुदीला? महिन्याला किती किलोमीटर? इनोव्हा कोणती, क्रिस्टा की हायक्रॉस? नाव एक असलं तरी त्या दोन वेगळ्या गाड्या आहेत.

बिंदुसरा:
डोळे झाकून स्कॉर्पिओ-एन. लॅडर फ्रेम आहे, म्हणजे खाली शिडीसारखा वेगळा लोखंडी सांगाडा, खड्ड्यात आपटली तरी काही होत नाही. इनोव्हा म्हणजे भाड्याची गाडी वाटते.

एमएच२६:
क्रिस्टासुद्धा लॅडर फ्रेमच आहे की ओ. मागच्या चाकांवर चालते, २.४ लिटर डिझेल, फक्त मॅन्युअल गिअर. मोनोकॉक, म्हणजे बॉडी आणि सांगाडा एकच, आहे ती हायक्रॉस; पेट्रोल आणि हायब्रिड (पेट्रोलसोबत बॅटरी-मोटर), पुढच्या चाकांवर चालणारी. आधी नीट माहिती घ्या, मग डोळे झाका.

मांजराकाठ:
अहो एवढं काय विचारता. माणसं सात: आई-वडील, आम्ही दोघं, दोन पोरं, एक बहीण. महिन्याला ८००-९०० किलोमीटर होतात, बहुतेक लातूर गावातच. कोणतीही इनोव्हा चालेल. आता सांगा.

दुधना:
आई-वडिलांचे गुडघे कसे आहेत? पोरांची वयं काय?

मांजराकाठ:
आईच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय. धाकटी दोन वर्षांची. याचा गाडीशी काय संबंध?

दुधना:
सगळा संबंध त्याचाच आहे. धाकटीला चाइल्ड सीट लागणार, आणि ती गाडीला अडकवायचे आयसोफिक्स हूक साधारण मधल्या ओळीत असतात. आईही मधल्याच ओळीत बसणार. म्हणजे तिसऱ्या ओळीत दोन मोठी माणसं जाणार, दर वेळी. त्यासाठी मधली सीट दुमडावी लागते, आणि जिच्यावर चाइल्ड सीट आवळून बांधली आहे ती दुमडत नाही. शोरूममध्ये हे कोणी दाखवत नाही. कॅप्टन सीटची (मधल्या ओळीत दोन सुट्या खुर्च्या) गाडी असेल तर मधून जाता येतं का ते स्वतः वाकून बघा.

तिसऱ्या ओळीत दहा मिनिटं बसून राहा. लॅडर फ्रेममुळे मागची जमीन उंच होते, गुडघे छातीकडे येतात, मांडीखाली आधार राहत नाही. स्कॉर्पिओ-एनमध्ये हे जास्त जाणवतं. तिन्ही ओळी उभ्या ठेवल्या तर मागे सामानाला जागा जवळपास नाहीच, एखादं दप्तर मावेल. इनोव्हात दोन बॅगा उभ्या राहतात. सात माणसं तुळजापूरला निघाली तर कपडे कुठं ठेवणार?

बिंदुसरा:
वर कॅरियर बसवायचं. कामून एवढा विचार करायचा?

एमएच२६:
कॅरियरवर किती किलो चालतं ते गाडीच्या पुस्तकात दिलेलं असतं, आणि ज्वारीचा एक ५० किलोचा कट्टा टाकला की ती हद्द जवळ येते. वजन वर गेलं की घाटातल्या वळणावर गाडी कलते. मुळात उंच गाडी, त्यात डोक्यावर ओझं. मांजरसुंब्याच्या उतारावर कळेल.

पांदण:
शेतात जाणार का? फोर बाय फोर (चारही चाकांना ताकद) हवी असेल तर स्कॉर्पिओ-एनमध्ये ती फक्त डिझेलला मिळते. पण काळ्या मातीत नुसत्या फोर बाय फोरने भागत नाही. पावसात पांदीला चिखल टायरच्या खाचांत भरतो, टायर गुळगुळीत होतो आणि चारही चाकं जागेवर फिरतात. हायवेच्या टायरवर कोणतीच गाडी निघत नाही, ट्रॅक्टरच बोलवावा लागतो. टू व्हील घ्यायची असेल तर भरल्या गाडीला मागचं ड्राइव्ह बरं, कारण माणसं मागे बसली की वजन मागच्या चाकांवर येतं. हायक्रॉसमध्ये उलटं, चढाला पुढची चाकं हलकी होऊन घसरतात.

एमएच२६:
आणि गावातले गतिरोधक? हायक्रॉसचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, २८५० मिमी, क्रिस्टाचा आणि स्कॉर्पिओ-एनचा २७५०. व्हीलबेस लांब असला की उंच आणि अरुंद गतिरोधकावर गाडीचं पोट घासतं, त्यात सात माणसांनी मागचा भाग बसलेला असतो. अशा ठिकाणी थोडी तिरपी घालून एकेक चाक चढवायचं.

सुखी_माणूस:
समृद्धी महामार्गावर जाणार असाल तर नायट्रोजन भरा. पांढरा रंग घ्या. सनरूफ घेऊ नका, मे महिन्यात डोकं तापतं.

दुधना:
हे कोणी विचारलं होतं? नायट्रोजनपेक्षा हवा बरोबर असणं महत्त्वाचं. कमी हवेवर सिमेंट रोडने १२० ला पळवली की टायरची बाजू दुमडून तापते आणि फुटते. सकाळी टायर थंड असताना मोजा, पूर्ण भरलेल्या गाडीचा आकडा ड्रायव्हरच्या दारापाशी स्टिकरवर असतो. गाडी ताब्यात घेताना टायरवरचे चार आकडेही वाचा: २३२५ म्हणजे २०२५ चा तेविसावा आठवडा.

मे महिन्याचं म्हणाल तर एसी तपासा. टेस्ट ड्राइव्हची गाडी दुपारी एक वाजता तासभर उन्हात उभी करायला सांगा आणि तिसऱ्या ओळीत बसून बघा. मागे वेगळा ब्लोअर नसेल तर पुढचे कुडकुडतात आणि मागचे घामाघूम होतात.

बिंदुसरा:
डिझेलच घ्या. ॲव्हरेज मिळतं.

एमएच२६:
लातुरात दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्या आणि डिझेल? बीएस-६ (प्रदूषणाचा नियम) डिझेलला डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, असतो. त्यात काजळी साचते, ती जाळायला गाडी साठच्या वर पंधरा-वीस मिनिटं सलग पळावी लागते. गंजगोलाईच्या बाजारात फिरून ते होत नाही. जाळणं अर्धवट तुटत राहिलं की डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरतं, डिपस्टिकवर ऑइल वाढलेलं दिसतं. लोकांना वाटतं, बरं झालं, ऑइल कमी होत नाही! खरं तर ते पातळ झालेलं असतं. आठवड्यातून एकदा औसा किंवा मुरुडपर्यंत चक्कर होत असेल तर डिझेल चालेल, नाहीतर हायब्रिड. आरटीओचा टॅक्सही बघा: २० लाखांवर पेट्रोलला १३ टक्के, डिझेलला १५. हायब्रिड घेतली तर बॅटरीला हवा घेणाऱ्या जाळीसमोर पिशव्या ठेवू नका, धूळ साफ करत राहा.

मांजराकाठ:
बरं, हायक्रॉसकडे मन वळतंय. पण आमचं गेट ७ फुटांचं आहे. बसेल ना?

दुधना:
हे आता सांगता! ७ फूट म्हणजे २१३४ मिमी. स्कॉर्पिओ-एन १९१७ रुंद, आरसे सोडून, म्हणजे दोन्ही बाजूंना चार-चार इंच उरतात. हायक्रॉस १८५०, साडेपाच-साडेपाच. आरसे मिटूनच घालावी लागेल. गेटमधून गेली तरी आत दार किती उघडतं ते बघा. आईला वळून पाय बाहेर काढायला दार पूर्ण उघडायला हवं. नसेल उघडत तर आईला बाहेरच उतरवायचं. आईला शोरूमला न्या आणि स्वतःच्या स्वतः चढू-उतरू द्या. सीट खाली असेल तर उठताना गुडघ्यावर जोर येतो, उंच असेल तर चढताना. वरचा हँडल हाताला येतो का तेही बघा.

पांदण:
गेट आत उघडतं की बाहेर? आत उघडत असेल तर पोर्चची लांबी मोजा. हायक्रॉस ४७५५ मिमी, म्हणजे साडेपंधरा फुटांच्या वर.

मांजराकाठ:
आत उघडतं. उद्या टेप घेऊन मोजतो. एक विचारायचं राहिलं, मागच्या सीटा पाडल्या तर स्प्रिंकलरचे पाइप बसतील का?

एमएच२६:
२० फुटी?

मांजराकाठ:
हौ.

एमएच२६:
गुरुवारचं बुकिंग पुढं ढकला.